आंबा घाट, मासळी आणि सोळा स्पार्क प्लग

दाजींचा फोन पहाटे साडेचारला आला. एवढ्या पहाटे ते दोनच कारणांसाठी फोन करतात, एक तर पाव्हण्यांपैकी कोणतरी गेलेलं असतं नाहीतर टेंपो बंद पडलेला असतो, आणि नुसत्या आवाजावरून कुठलं ते कळत नाही कारण दोन्हीला ते सारखेच गंभीर असतात. "पाव्हणं, गाडी परत मिसिंग मारायलीय बघा. घाट चढंना. मागं टनभर मासळी हाय आन बरफ वितळायलाय." मी शिरोलीत नाइट शिफ्टला, समोर इन्स्पेक्शनला पडलेल्या कास्टिंगचा ढीग, तिथनं मी काय करणार. म्हटलं खालच्या गियरला टाका, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरू नका, दमानं वर या. आले कसेबसे. मार्केटला पोचेस्तोवर निम्मी गिऱ्हाइकं दुसऱ्याकडनं माल उचलून गेलेली.

ही ऑगस्टमधली गोष्ट. फेब्रुवारीपासून हाच टेंपो, हाच घाट, हीच मिसिंगची तक्रार (सिलिंडरात गॅस पेटायचा चुकतो, गाडी अडखळते), आणि ही चौथी वेळ. त्यानंतर मी त्यात हात घातला. मी मेकॅनिक नाही, फाउंड्रीत क्वालिटीला आहे, लोखंडातल्या भेगा शोधायचा पगार घेतो. पण शेवटी हे प्रकरण पण भेगांचंच निघालं म्हणून सविस्तर लिहून ठेवतोय, कारण कोल्हापुरात सीएनजीचे टेंपो आता ढीगभर झालेत आणि प्लगच्या नावानं बोटं मोडणारेही.

आधी गाडी सांगतो. छोटा मालवाहू टेंपो, चार सिलिंडर, सीएनजीवरच चालणारा. प्रत्येक सिलिंडरला ठिणगी पाडणारा एक स्पार्क प्लग, प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल, ती ठिणगीसाठी व्होल्टेज चढवते, कॉइलच्या खाली लांब रबरी बूट, तो बूट इंजिनाच्या हेडमधल्या, म्हणजे वरच्या भागातल्या, खोल विहिरीत उतरून प्लगवर बसतो. इंजिन पुढं नाही, हौद्याच्या पुढच्या टोकाखाली येतं, वर पत्र्याचं झाकण. हे हौद्याचं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. दाजींनी जानेवारीत सेकंडहँड घेतला, रनिंग ४३ हजार. आधीचा मालक गावातल्या गावात किराणा माल फिरवायचा, सर्व्हिस बुकात २० हजार आणि ४० हजारावर प्लग बदलल्याची नोंद, तक्रार काही नाही. दाजींचा रूट वेगळा. संध्याकाळी शाहू मार्केट यार्डात भाजी भरायची, मलकापूर, आंबा, साखरपा करत रत्नागिरी, तिथं उतरवून मिरकरवाडा बंदरातनं मासळी भरायची आणि रात्रीत परत. म्हणजे जाताना घाट उतरायचा, येताना भरल्या गाडीनं चढायचा. आठवड्याला चारएक फेऱ्या.

आता तक्रारीचा इतिहास. फेब्रुवारीच्या शेवटी उद्यमनगरातल्या ओळखीच्या मिस्त्रीनं सहज सर्व्हिसिंग करताना चार नवे प्लग टाकले. तीन आठवड्यांत घाटात मिसिंग, स्कॅनरवर कोड पी०३०३, म्हणजे तीन नंबर सिलिंडर मिसफायर. परत चार नवे. पाचएक आठवड्यांनी परत तेच, पण ह्या वेळी पी०३०२, दोन नंबर. परत चार. हे तर नऊ दिवसांत गेले, परत तीन नंबर. मेच्या मध्याला मिस्त्री म्हटला कॉइलच गेलीय, मग तीन नंबरची कॉइल नवी आणि सोबत परत चार प्लग, आणि गाडी सुतासारखी सरळ झाली. जून गेला, जुलै गेला, दाजी खूश, मिस्त्री खूश. आणि ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात तो पहाटेचा फोन. कोड परत पी०३०३.

सोळा प्लग सहा महिन्यांत. मिस्त्रीचं म्हणणं एकच, "सीएनजीत शिरॅमिक टिकतच न्हाई साहेब, आन माल बी डुप्लिकेट येतोय." आता मिस्त्री वाईट माणूस नाही, उलट हाताला चांगला आहे. पण त्याचा हात बसलाय ऑइल इंजिनावर. उद्यमनगर वाढलंच ऑइल इंजिनावर, आणि डिझेलच्या इंजिनात प्लग नसतोच, पंप आणि नोझल. त्यामुळं प्लग ही वस्तू तिथल्या जुन्या माणसाला अजून पाव्हण्यासारखी आहे, खराब झाला की नवा बोलवायचा, विचारपूस कोण करत नाही.

दाजींची एक सवय इथं कामाला आली. ते काही टाकत नाहीत. सोळाचे सोळा प्लग पेढ्याच्या बॉक्सात आणि जुनी कॉइल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून सीटखाली ठेवलेली. बहीण त्यांना ह्यावरनं रोज बोलते, मी मात्र त्या दिवशी पाया पडायचा बाकी राहिलो. रविवारी अंगणात पेपर अंथरला आणि सगळे ओळीनं मांडले, हातात कंपनीतली दहा पटीची लूप, म्हणजे भिंग.

प्लग काढला की माणूस आधी टोक बघतो, काळं आहे का, पांढरं आहे का, गॅप, म्हणजे ठिणगी उडी मारते ती फट, किती. मिस्त्री पण तेच बघायचा. सोळाही प्लगांची टोकं बऱ्यापैकी स्वच्छ होती, फिकट, कारण गॅसवर काजळी धरत नाही, त्यात घाबरायचं काही नसतं. मी मुद्दाम टोक सोडून वरचं पांढरं बघायला सुरुवात केली, टर्मिनलपासून षटकोनी नटापर्यंतचा भाग, जो बुटात झाकलेला असतो आणि कुणी बघत नाही.

ते पांढरं म्हणजे चिनी माती नव्हे. १९०२ मध्ये बॉश कंपनीतल्या होनोल्डनं हाय व्होल्टेज मॅग्नेटोबरोबर प्लग आणला तेव्हापासून ढाचा तोच आहे, मध्ये तार, भोवती वीज अडवणारं कवच, बाहेर लोखंड. बदललं ते मधलं कवच, आधी पोर्सिलेन वगैरे असायचं, १९३० च्या दशकापासून ॲल्युमिना नावाचं सिरॅमिक आलं. आजच्या प्लगमध्ये हे ॲल्युमिना ९५ टक्क्यांच्या आसपास असतं आणि १६०० अंशांच्या आसपास भाजलेलं असतं. आमच्याकडं लॅडलमधनं मोल्डमध्ये लोखंड ओततो ते १४०० च्या घरात असतं, म्हणजे हे पांढरं आमच्या पातळ लोखंडापेक्षा जास्त आगीतनं निघालेलं. कडकपणात मोहच्या मापावर ९, कानस चालत नाही त्याच्यावर. मग घाटात का मरतं? तर ते दाबाला हत्ती आहे आणि वाकवलं की पापड. बाजूनं जरा दणका, जरा कड, की केसासारखी भेग, आणि ती डोळ्याला दिसत नाही.

आता गॅसचं काय. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन, त्याचा ऑक्टेन, म्हणजे दाबाखाली आपोआप न पेटायची ताकद, पेट्रोलपेक्षा बराच वर, म्हणून फक्त गॅसवर चालणाऱ्या इंजिनात कॉम्प्रेशन जास्त ठेवतात, नाहीतर पिकअप कुठनं येणार. पेट्रोल फवाऱ्यानं आत येताना बाष्प होऊन थोडं थंड करतं, गॅस कोरडाच येतो. त्यामुळं प्लगच्या नाकाला (सिलिंडरमध्ये डोकावणारं पांढरं टोक) ताप जास्त, इलेक्ट्रोड झिजतो, गॅप वाढतो. आणि मुख्य म्हणजे ठिणगी पडायला व्होल्टेज जास्त लागतं. हे व्होल्टेज प्रकरण नीट समजून घ्यायला पाहिजे, अर्धा गोंधळ तिथंच आहे.

लोक समजतात कॉइल ठरावीक व्होल्टेज देते. तसं नसतं. कॉइल व्होल्टेज चढवत जाते आणि जिथं कच्चं सापडेल तिथनं ते फुटतं, शेताच्या बांधासारखं. कच्ची जागा प्लगच्या गॅपमध्ये असली तर ठिणगी तिथं, आणि गॅपपेक्षा दुसरीकडं सोपं असलं तर ठिणगी तिकडं, इंजिनाला काय मिळत नाही. उघड्या हवेत १ मिलिमीटर गॅपला साधारण ३ हजार व्होल्ट पुरतात. सिलिंडरमध्ये हवा-गॅस दाबून बसवलेला, ज्योतिबाच्या चैत्र यात्रेत माणूस पुढं सरकायला किती बळ लागतं तसं, तोच गॅप ओलांडायला कितीतरी पट व्होल्टेज लागतं. पाशेन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८८९ मध्येच मांडलेलं आहे, दाब गुणिले गॅप, ह्यावर सगळं ठरतं. रिकाम्या गाडीत, सपाटीला, ॲक्सिलरेटर अर्धा, सिलिंडरमध्ये भरण कमी, दाब कमी, व्होल्टेज कमी पुरतं. भरली गाडी, आंबा घाट, पाय तळाला, दाब सगळ्यात जास्त, व्होल्टेज २०-२५ हजाराच्या वर मागणार. म्हणून गॅरेजमध्ये इंजिन लोण्यासारखं आणि साखरपा सोडला की फुर्र फुर्र.

आणि म्हणूनच प्लग काढून बॉडीला टेकवून "बघा ठिणगी टकाटक पडायलीय" ही जी आपल्याकडची टेस्ट आहे ना, ती सीएनजीला काही कामाची नाही. उघड्या हवेत मेलेला प्लग पण ठिणगी टाकतो. (शिवाय गॅसच्या गाडीजवळ उघडी ठिणगी पाडणं हा वेगळाच शहाणपणा. त्यावर मी मिस्त्रीशी भांडलोय.)

पहिल्या चारांकडं येतो. बाहेरनं दिसायला तेच, आट्या त्याच, लांबी तीच, गाडीला बसले पण. पण नंबर बघितला तर पेट्रोल मॉडेलचे. दुकानदारानं दिले, मिस्त्रीनं घेतले, आणि पेट्रोलच्या प्लगचा गॅप येतानाच १.१ मिलिमीटर. ह्या इंजिनाच्या मॅन्युअलमध्ये ०.७ ते ०.८. फक्त पाव-अर्धा मिलिमीटरचा फरक वाटतो, पण वरचं गणित लावा, गॅप दीडपट झाला तर व्होल्टेजची मागणी पण जवळपास त्या मापात चढणार, आणि तीही घाटात. व्होल्टेज एवढं चढलं की त्याला आत उडी मारण्यापेक्षा बाहेरनं, सिरॅमिकच्या अंगावरनं सरपटत खाली लोखंडावर जाणं सोपं पडतं. ते होऊ नये म्हणूनच सिरॅमिकच्या वरच्या भागाला गोल गोल घड्या असतात, वाट लांबवायला, आणि काचेसारखा ग्लेझ असतो, घाण चिकटू नये म्हणून. तीन नंबरच्या प्लगवर लूप धरली तर टर्मिनलपासून नटापर्यंत घड्या ओलांडत गेलेली काळी रेघ, पेन्सिलनं ओढल्यासारखी बारीक. बोटानं पुसून बघितली, जात नाही. हा कार्बन ट्रॅक. एकदा ही वाट पडली की वीज परत परत त्याच वाटेनं जाते, शेतातल्या पायवाटेसारखं.

इथं एक सांगून ठेवतो, सोळाही प्लगांना नटाच्या वर तपकिरी पट्टा होता, चहाच्या डागासारखा. मिस्त्री त्याला "गॅस लीक" म्हणायचा आणि त्यावरनं प्लग बाद करायचा. ती लीक नव्हे. हाय व्होल्टेजच्या भोवतीच्या हवेत विजेचा जो बारीक झिरपा होतो, त्याला कोरोना म्हणतात, त्यानं हवेतले तेलाचे बारीक कण ओढले जाऊन तिथं चिकटतात, बस्स. आडवा तपकिरी पट्टा म्हणजे काही नाही, उभी काळी रेघ म्हणजे प्लग गेला. हे दोन वेगळे करायला शिकलं तरी निम्मे प्लग वाचतील.

दुसऱ्या सेटचे प्लग बरोबर नंबरचे होते. पहिल्यांदा नापास झाल्यावर मिस्त्रीनं शोरूमचा माल आणला. त्यांच्या वरच्या भागावर रेघ नाही, काहीच नाही. मी चक्रावलो. मग गॅप मोजला तर एकाचा ०.९५, एकाचा १.०, एकाचा ०.९, चारी वेगवेगळे. कंपनीतनं असे येत नाहीत. मिस्त्रीला फोन लावला, तो सरळ माणूस, लगेच बोलला, "गॅप लईच बारीक हुता साहेब, मी जरा उघडून दिला, ठिणगी मोठी पडावी म्हणून." कशानं उघडला? स्क्रूड्रायव्हरनं. म्हणजे मधल्या इलेक्ट्रोडवर टेकू देऊन बाहेरचा वाकवला. आणि मधला इलेक्ट्रोड बसलाय सिरॅमिकच्या नाकात, म्हणजे तो सगळा जोर पापडावर.

सोमवारी चारी प्लग कंपनीत नेले. आमच्याकडं डाय पेनिट्रंट टेस्ट रोजची, कास्टिंगच्या बारीक भेगा बघायला. प्लग स्वच्छ धुतला, वाळवला, नाकावर लाल पेनिट्रंट मारलं, पंधरा मिनिटं ठेवलं, फडक्यानं पुसून घेतलं (वरनं क्लीनर फवारायचा नाही, भेगेतला रंग धुऊन जातो), आणि वर पांढऱ्या डेव्हलपरचा हलका थर. तीन प्लग पांढरेच राहिले. चौथ्यावर आधी काही नाही, मग एक लाल टिपका, मग तो टिपका हळूहळू लांबत गेला आणि मिनिटभरात नाकाच्या मुळाशी, जिथं ते आत शेलमध्ये, म्हणजे बाहेरच्या लोखंडात, जातं तिथं, अर्धा गोल लाल दोरा उमटला. मेंटेनन्सचा पोरगा बघत होता, तो म्हटला, "आयला, रक्त आलं की त्येला." इतकी वर्षं कास्टिंगवर बघतोय, पण पांढऱ्यावर पांढरं आणि त्यात लाल, इतकं स्पष्ट मी पण कधी बघितलं नव्हतं.

अशी भेग पडली की वीज इलेक्ट्रोडपासनं भेगेतनं आडवी शेलला जाते, गॅपपर्यंत पोचतच नाही. गार असताना, कमी लोडला, भेग मिटलेली, गाडी चालते. ताप चढला, व्होल्टेज चढलं की भेग बोलायला लागते. पाच आठवडे चालली ती ह्यामुळंच. आणि वाढता वाढता नाकाचा तुकडा पडून सिलिंडरमध्ये गेला असता तर ९ कडकपणाचा खडा आत, लायनरचं, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीचं, काय झालं असतं ते दाजींना मी सांगितलंच नाही.

ह्याच प्लगवर मेगर, म्हणजे वीज कुठनं गळते का ते मोजायचं यंत्र, लावून बघितला, हजार व्होल्टचा. इन्फिनिटी, म्हणजे गळती नाही. ठणठणीत पास. कोरड्या, गार भेगेत हवाच असते आणि हजार व्होल्टला ती पुरून उरते. म्हणजे मेगर पास म्हणून प्लग चांगला असं समजू नका. (आणि डायची टेस्ट केलेला प्लग परत गाडीला लावायचा नाही हे पण सांगायला पाहिजे, लोक काय करतील सांगता येत नाही.)

तिसरा सेट, नऊ दिवसांत गेलेला. नंबर बरोबर, गॅप कुणी छेडलेला नाही, तेवढं मिस्त्रीनं माझ्याआधीच स्वतःहून सुधारलं होतं. तरी तीन नंबरवर तीच काळी उभी रेघ, फेब्रुवारीच्या प्लगवर होती तशीच. मग पिशवीतली जुनी कॉइल काढली, तिचा बूट ब्लेडनं उभा चिरला आणि पुस्तकासारखा उघडला. आत रबरावर पण रेघ. प्लग त्यात ठेवून फिरवला तर प्लगवरची रेघ आणि बुटातली रेघ एकमेकांवर बसल्या, आरशातल्यासारख्या. पहिल्या सेटच्या वेळी प्लग बदलला पण बूट तोच राहिला, त्यातला कार्बन तसाच, दुसऱ्या सेटनं कसेबसे पाच आठवडे काढले (तेवढ्यात दोन नंबरची भेग आधी बोलली म्हणून तीनचं कुणाला कळलं नाही), आणि तिसऱ्या सेटच्या नव्याकोऱ्या प्लगला त्या बुटानं नऊ दिवसांत तीच वाट शिकवली. दुसऱ्या सेटमधले उरलेले तिन्ही परत लूपखाली धरले तर एकावर रेघेची सुरुवात होतीच, पाव सेंटिमीटरची, आधी माझ्या नजरेतनं सुटली होती. बुटाचं रबर पण कडक झालेलं, नख रुतत नव्हतं. कडक बूट प्लगला घट्ट धरत नाही, मध्ये हवेची फट राहते, वीज त्या फटीतनं फिरते.

इथपर्यंत आलो तेव्हा मला वाटलं जिंकलो. चुकीचा प्लग, उघडलेला गॅप, जुना बूट, तीन चुका, तीन सेट. पण चौथ्या सेटचं काय? नंबर बरोबर, गॅप ०.७५, कॉइल नवी, बूट नवा. तीन महिन्यांत गेला तो पण, परत तीन नंबर, आणि रेघ तिथंच. हा नुसता मिस्त्रीच्या हातचा दोष नव्हता. तीन नंबरलाच काय शनी लागलाय?

मिस्त्रीचं उत्तर तयार, "पावसाचं पाणी गेलं आसंल." पटण्यासारखं होतं. पण पाऊस जून-जुलैला जास्त, आंब्याला तर धो धो, आणि गाडी नेमकी त्याच दोन महिन्यांत बिनतक्रार. मी दाजींना विचारलं जून-जुलैला काय वेगळं केलं? ते म्हटले काय न्हाई, भाजी न्यायची, रिकामं यायचं. रिकामं का? "आवो मासेमारी बंद असती की, जून-जुलै. पयल्या ऑगस्टला चालू."

मला घाम फुटला तिथंच, मासळी नव्हती तेव्हाच तक्रार नव्हती. अर्थात हा पुरावा अर्धाच, कारण येताना गाडी रिकामी म्हणजे घाटात लोड पण नाही, दाब नाही, व्होल्टेजची मागणी नाही, त्यामुळं थोडाफार दुखणाईत प्लग पण निभावून गेला असता. पण दुसरा अर्धा बघायला तर पाहिजे. झाकण उघडलं, तीन नंबरची कॉइल उपसली, आणि विहिरीतनं असा वास आला की बहीण घरातनं ओरडली, "गाडी दारात आणायची नाही म्हटलं होतं ना!" सुक्या बोंबलाचा वास, इंजिनातनं. विहिरीच्या कडेला पांढरी खरवड, जिभेला लावायचं धाडस मी केलं नाही, पण बघूनच कळत होतं मीठ. चार नंबरला थोडी. एक आणि दोन कोरडे ठणठणीत.

मग हौद्यात बादलीभर पाण्यात कपड्याची नीळ कालवून ओतली आणि दाजींना वर थांबवून मी खाली बॅटरी घेऊन आडवा. मासळीचे क्रेट सरकू नयेत म्हणून दाजींनीच फेब्रुवारीत हौद्यात अँगल मारलेला, त्याच्या एका बोल्टाच्या भोकातनं निळा थेंब, झाकणावर, झाकणाचा फोम तिथं फाटलेला, आणि तिथनं टप्प टप्प तीन नंबरच्या कॉइलच्या डोक्यावर. दुसरा थेंब सरकून चारकडं. बर्फाचं पाणी, मासळीचं पाणी, मिठाचं पाणी, फेरीच्या रात्री पाच तास. नुसतं पावसाचं पाणी इंजिनाच्या उष्णतेनं वाळून जातं, मीठ मागं राहतं, आणि परत ओल लागली की ते वीज वाहतं. खात्रीला एक चांगला प्लग घेऊन मेगर लावला, इन्फिनिटी, मग विहिरीतली खरवड पाण्यात कालवून सिरॅमिकवर बोट फिरवलं, काटा धाडकन खाली. मेगर भेगेला आंधळा, पण ह्याला नाही.

म्हणजे क्रम असा लागतो. मीठ फेब्रुवारीपासनं तीन नंबरवर पडतच होतं. त्यात १.१ गॅपचे प्लग आले म्हणून तीन आठवड्यांत रेघ पडली, नाहीतर कदाचित तीन महिने निघाले असते, चौथ्या सेटनं काढले तसे, आणि त्यातले पण दोन महिने मासळीच नव्हती. सिरॅमिक स्वतःहून सोळातलं एकही मेलं नाही. अकरांना तर काहीच झालं नव्हतं, निव्वळ सेट म्हणून काढले. (एकाच्या वरच्या घडीला टवका आहे, तो कुणाच्या हातनं पडला ते अजून कुणी कबूल करंना.)

काम काय केलं ते थोडक्यात. अँगलची भोकं सीलंट आणि रबर वॉशर टाकून बंद, हौद्यात क्रेटखाली ट्रे आणि त्याला पाइप काढून पाणी मागं चाकाच्या पलीकडं. ह्या ट्रेवरनं दाजींशी तीन दिवस वाद, त्यांना तो खर्च वाटत होता, सोळा प्लगांचा हिशेब कागदावर मांडल्यावर गप्प बसले. झाकणाचा फोम नवा. विहिरी गरम पाण्यानं ओल्या फडक्यानं पुसून, हवा मारून, वाळवून. तीन आणि चारचे बूट नवे, तीनची कॉइल मात्र वाचली, बूट सुटा मिळाला. बुटाच्या तोंडाला आतनं सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस, अगदी पातळ बोट, साधं ग्रीस नाही, ते रबर खातं. प्लग बरोबर नंबरचे, गॅप फक्त मोजला, सगळे मापात निघाले म्हणून हात लावला नाही. कमी-जास्त करायचाच असेल तर बाहेरचा इलेक्ट्रोड गॅपिंग टूलनं वाकवायचा, मधल्याला स्पर्श नाही. पाना आतमध्ये रबर असलेला, सरळ धरलेला, आणि शेवटचं घट्ट करणं टॉर्क रेंचनं मॅन्युअलच्या आकड्यावर. हे टॉर्कचं मिस्त्रीला पटायला वेळ लागला, तो म्हटला हाताला कळतंय. मी म्हटलं ढिला राहिला तर नाकाचा ताप वॉशरमधनं हेडला जात नाही, सिरॅमिक तापून लाल होतं आणि ठिणगीच्या आधीच गॅस पेटतो, जास्त आवळला तर शेल ताणला जातो. त्यावर तो काही बोलला नाही, पण चार नंबरचा त्यानं स्वतः रेंच लावून घट्ट केला, टक्क आवाज आला तसा हसला.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात गाडी परत लागली. डिसेंबरअखेर १६ हजार किलोमीटर झाल्यावर मी मुद्दाम चारी प्लग काढून बघितले. गॅप ०.८० ते ०.८२, म्हणजे झीज आपल्या गतीनं चाललीय, २० हजाराला बदलायला सांगितलेत. वरचं पांढरं स्वच्छ, फक्त चहाचा तो आडवा पट्टा. तीन नंबरच्या विहिरीत वास नाही. मधल्या काळात घाटात एकदाच गाडी थांबली, पण ती म्हशी आडव्या आल्या म्हणून.

चिरलेला बूट आणि लाल रेघेचा प्लग मिस्त्रीनं मागून घेतला. गॅरेजच्या भिंतीला खिळ्याला टांगलाय, लिंबू-मिरचीच्या शेजारी. परवा गेलो तर एका रिक्षावाल्याला दाखवून सांगत होता, "ह्ये बघ, शिरॅमिकला रक्त येतंय," आणि मला बघितल्यावर हळूच विचारलं की तो लाल स्प्रे कंपनीतनं एक डबा मिळंल का. म्हटलं विकत घ्या, मी मोजून देणाऱ्यांतला आहे.